बंडूजींच्या व्हॅनची तक्रार वही

बंडूजी कुमरे आणि माझं कधीच पटलं नाही. ते एस.टी.च्या आगारात मिस्त्री होते आणि मी तिथल्याच भांडारात बाबू. म्हणजे सामान त्यांना हवं असायचं आणि ते नेमकं माझ्याकडे नसायचं. भांडाराच्या खिडकीच्या अल्याडपल्याड उभं राहून आम्ही दोघांनी चौतीस वर्षांत जेवढी भांडणं केली, तेवढी मी बायकोशीही केली नाहीत. आता दोघंही निवृत्त होऊन समुद्रपुरात एकाच गल्लीत राहतो. आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी सहा वाजता त्यांच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या शीटवर मी बसलेला असतो. कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, घरी काम नाही म्हणून.

व्हॅन घेतली ती सुमित्राबाईंसाठी. सुमित्राबाई म्हणजे बंडूजींची बायको. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा वर्ध्याच्या दवाखान्यात जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला लागायचं आणि परत यायचं, जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. बंडूजींनी आपली किडनी द्यायची तयारी केली होती. तपासणीत त्यांचीच साखर एवढी निघाली की डॉक्टरांनी फाईल मिटून त्यांच्या हातात दिली. मुलगी रक्षा पुण्याहून आली, मी देते म्हणाली. तिला तेव्हा पाचवा महिना होता. सुमित्राबाईंनी तिला दोन दिवस जेवू-खाऊ घातलं आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. किडनी मिळण्याच्या सरकारी यादीत नाव लावलंय. यादी लांब आहे, आणि तिच्यात पुढे सरकल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही.

पहिलं वर्षभर ती दोघं बसनंच गेली. मशीनवरून उठल्यावर माणसाच्या अंगात काही उरत नाही, हे मी आता डोळ्यांनी पाहतो, तेव्हा नुसतं ऐकत होतो. एकदा परतीच्या बसमध्ये चढताना सुमित्राबाईंचा पाय पायरीवरून सुटला आणि त्या बसस्टँडच्या फरशीवर पडल्या. कंडक्टरनं उचलून आत बसवलं. बंडूजी मात्र खाली उभे राहून त्या पायरीकडेच पाहत होते म्हणे. तसल्या पायऱ्या त्यांनी जन्मभर ठोकल्या, वेल्डिंग केल्या, रंगवल्या. त्या इतक्या उंच असतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

महिन्याभरात त्यांनी व्हॅन आणली. हिंगणघाटचा एक माणूस तीत शाळेची पोरं ने-आण करायचा, त्याच्याकडून घेतली. रंग मूळचा पांढरा असावा. आतल्या पत्र्यावर वाघ, हत्ती, परीचे स्टिकर चिकटलेले आणि मागच्या शीटच्या रेक्झिनवर पोरांनी पेननं आपापली नावं लिहिलेली. मी म्हटलं, "बंडूजी, गाडी घेतली का बालवाडी?"

ते हसले नाहीत. व्हॅनभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पायरी पाहा. गुडघ्याच्या खाली हाये."

मी उगीच टायर दाबून पाहिला.

आता या व्हॅनची एक गोष्ट सांगायला हवी. बसचं इंजिन पुढं असतं, झाकण उघडलं की समोर दिसतं. या व्हॅनचं इंजिन पुढच्या शीटांच्या खाली. म्हणजे इंजिन पाहायचं तर शीट उचलायची, आणि शीट उचलायची तर तिच्यावर बसलेल्या माणसाला आधी उतरवायचं. ड्रायव्हरच्या बाजूला सुमित्राबाई बसत. मागं बसलं की मळमळतं, म्हणून पुढं. त्यामुळे रस्त्यात काही झालं की आधी त्या उतरत, पदर डोक्यावर घेऊन बाभळीच्या सावलीत उभ्या राहत, आणि बंडूजी शीट उचलून आत डोकं घालत.

आणि रस्त्यात बरंच काही व्हायचं, कारण बंडूजी तिला बस समजत होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इंजिनाचं ऑईल बदललं आणि खालचा नट आवळला, तो बसचे नट आवळायच्या हातानं. नट बिचारा करंगळीएवढा. आटे गेले. दुसऱ्या दिवशी अंगणात काळं तळं. मग ती गाडी हिंगणघाटला रोशनच्या गॅरेजवर ओढून न्यावी लागली. रोशन तिशीतला, हुशार, असल्याच लहान गाड्या करतो. त्यानं नट हातात घेतला, बंडूजींच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे बस नोहे. हिले बोटानं आवळा लागते, खांद्यानं नाई."

तो काही टोचून बोलला नव्हता. पण ज्या माणसाला जिल्ह्यातले ड्रायव्हर "मिस्त्री" म्हणून वाटेत हात करतात, त्याला गॅरेजमध्ये चार गिऱ्हाईकांसमोर असं ऐकावं लागलं. बंडूजी पुन्हा त्या गॅरेजकडे फिरकले नाहीत. "आपली गाडी आपन पाहू," म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

त्याच आठवड्यात वही निघाली.

आगारात प्रत्येक गाडीची तक्रार वही असायची. ड्रायव्हर गाडी आणून लावायचा आणि वहीत लिहायचा: ब्रेक कमी लागतो, क्लच घसरतो, काय असेल ते. मिस्त्री ते वाचून काम करायचा, समोरच्या रकान्यात 'काम केले' असं लिहून सही करायचा. लिहिलेलं काम केल्याशिवाय गाडी बाहेर पडायची नाही. उलटही तेवढंच खरं. जे लिहिलं नाही त्याला मिस्त्री हात लावायचा नाही. "लिहिलं नाई त बिघडलं नाई," हे वर्कशॉपमधलं ब्रह्मवाक्य होतं, आणि बंडूजींइतकं ते कोणी पाळलं नसेल.

त्यांनी शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, तक्रार, केलेले काम, सही. आता प्रश्न असा की ड्रायव्हरही तेच आणि मिस्त्रीही तेच.

"एकाच मानसानं तक्रार लिहाची अन् त्यानंच काम कराचं, असं कोन्या आगारात चालते?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या घरचं आगार आहे, काहीही चालवा."

"नाई. लिहिनारा येगळा पाह्यजे."

तर लिहिण्याचं काम सुमित्राबाईंकडे आलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे, अंगणवाडीत मदतनीस होत्या. आणखी एक काम त्यांनी आपणहून मागून घेतलं, सकाळी निघायच्या आधी इंजिनाच्या पाण्याची बाटली पाहायची आणि कमी असेल तर भरायची. "नुसती बसून जातो अन् बसून येतो, तेवढं त करू द्या," म्हणाल्या. त्यांना स्वतःला दिवसभरात लिटरभरच पाणी प्यायची मुभा. तोंड कोरडं पडलं की लिंबाची फोड जिभेला लावायच्या. पण गाडीला मात्र हवं तेवढं पाणी घालायच्या.

ती वही मी पुष्कळदा वाचली आहे. पहिली पानं वाचताना हसू येतं. 'सरकतं दार लागत नाई. लोटून लोटून हात दुखला.' समोर: 'काम केले.' 'ब्रेक मारला का गाडी प्रभाकररावच्या घराच्या बाजूले जाते.' समोर: 'काम केले. चाक क्र. २.' प्रभाकरराव म्हणजे मी. 'शीटखाली कोनीतरी सुपारी फोडून राह्यलं असं वाटते.' समोर: 'काम केले.' एका ठिकाणी नुसतंच लिहिलंय, 'हत्तीचं चित्र काढू नका.' बंडूजी स्टिकर खरवडायला लागले होते. समोर त्यांनी नेमानं लिहिलंय, 'काढले नाही,' आणि खाली सही.

या व्हॅनचा एक रोग मात्र सुटला नाही. इंजिन किती तापलं हे दाखवणारा काटा मेलेला होता. इंजिन पेटवलं काय, बंद केलं काय, तो खालीच पडून. सुमित्राबाईंनी लिहिलं, 'काटा झोपलेला हाये.' बंडूजींनी मला रीतसर मागणीपत्र दिलं, हो, कागदावर, जुन्या नमुन्यात. मी हिंगणघाटला विचारलं, वर्ध्याला विचारलं, नागपूरला जाणाऱ्या एका माणसाला सांगितलं. एवढ्या जुन्या गाडीचं ते सामान कुठेच मिळेना. तेव्हा बंडूजींनी समोरच्या रकान्यात आमचा जुना शेरा लिहिला: 'सुटा भाग उपलब्ध नाही. गाडी जपून चालवावी.'

आणि वही माझ्यापुढे केली. कारण या शेऱ्यावर भांडारबाबूची सही लागते. भाग नाही, हे नुसतं मिस्त्रीनं म्हणून चालत नाही, बाबूनं कबूल करावं लागतं. तेव्हाच गाडी लाईनवर, म्हणजे रस्त्यावर जाते. नोकरीत असल्या सह्या मी किती केल्या याला गणती नाही. डबा खाता खाता करायचो, फोनवर बोलता बोलता करायचो. जगातल्या कुठल्याच भांडारात सगळं नसतं, असं मी लोकांना ऐकवायचो. मी हसत सही केली. सुमित्राबाईही हसल्या. म्हणाल्या, "रिटायर झाले तरी तुमच्या दुकानात काई भेटत नाई, प्रभाकरराव."

पण हसू पहिल्या पानांपुरतंच. पुढं पुढं त्या वहीत मला थकवाच दिसतो. सोमवारी बंडूजी पोतं अंथरून गाडीखाली. मंगळवारी वर्धा. बुधवारी सुमित्राबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, आणि बंडूजी भात लावतात, तोही कधी कच्चा, कधी करपलेला. गुरुवारी पुन्हा गाडीखाली. शुक्रवारी वर्धा. शनिवारी पुन्हा भिंत. एक रविवार मोकळा, तर त्यात आठवड्याचं धुणं. पासष्टाव्या वर्षी पाठीवर निजून डोक्यावरच्या नटाशी झगडणं म्हणजे काय, ते मी शेजारून ऐकायचो. आधी पान्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. मी खिडकीतून पाहायचो. पाय हलले की परत आत जायचो.

भांडणंही व्हायची. ती दोघं गोंडीत भांडतात. बंडूजींच्या आईची ती भाषा, सुमित्राबाईंच्या माहेरचीही तीच. मराठी बाहेरच्यांसाठी, गोंडी आपल्यासाठी. चौतीस वर्षांच्या ओळखीत मला त्यातलं जेवायला बोलावणं तेवढं कळतं. त्यामुळे मागच्या शीटवर बसून मी त्यांची भांडणं नुसती सुरावरून ओळखायचो. माझीही त्यात सोय होती.

होळी झाली आणि तक्रारी थांबल्या.

मंगळवार, 'तक्रार नाई.' शुक्रवार, 'तक्रार नाई.' परत मंगळवार, 'तक्रार नाई.' बंडूजी मला वही दाखवून म्हणाले, "पाहा. गाडी लाईनीवर आली." त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना वर्कशॉपमधला आनंद होता. सोमवार-गुरुवार ते पोतं अंथरेनासे झाले. दुपारी थोडं झोपायला लागले. मला बरं वाटलं.

आता माझं पाप सांगतो. मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. एक म्हणजे सुमित्राबाई शीटवर गोधडीची घडी टाकून बसायला लागल्या. आधी एक घडी, मग दोन. मला वाटलं, अंगावर मांस राहिलं नाही, हाडं टोचत असतील. दुसरी म्हणजे सकाळी व्हॅन निघाली की तिच्या जागी अंगणात ओला डाग राहायचा. तो मी पाहिला. चौतीस वर्षं मिस्त्र्यांशी भांडलेला माणूस मी, पाण्याचा डाग म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण म्हटलं, बोललो तर सामान शोधायला परत मलाच हिंगणघाट. ऊन वाढलं होतं. आणि वहीत तर काही लिहिलेलं नव्हतं.

मे महिन्यातला मंगळवार. सहाला निघालो. हिंगणघाट सोडून सहा-सात किलोमीटर गेलो असू, तर सुमित्राबाईंच्या पायाशी धूर. धूर नव्हे, वाफ. इंजिन एकदा कण्हलं आणि बंद पडलं. बंडूजींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, नेहमीसारखं सुमित्राबाईंना उतरवलं, मी त्यांना बाभळीखाली नेलं. त्यांचे पाय सुजलेले होते, शुक्रवारपासूनचं पाणी अंगात साठलेलं. दोन पाळ्या चुकल्या तर ते पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. सात वाजले नव्हते तरी ऊन लागत होतं.

बंडूजींनी शीट उचलली आणि हात आत न घालताच उभे राहिले. तिथं हात घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाण्याचा पंप गळून गळून कोरडा झाला होता आणि इंजिन पाण्यावाचून भाजलं होतं. बसचा असो की लहान गाडीचा, एवढं त्यांना दुरूनही कळलं असतं.

त्यांनी गोधडी उचलली. खालच्या बाजूनं ती तपकिरी पडली होती.

"शीट तापत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कईपासून?"

"होळीपासून."

"अन् पानी?"

"आधी एक लोटा लागे. मंग दोन. आता चार घातले होते."

"मंग लिहिलं काऊन नाई?"

सुमित्राबाई बाभळीला टेकून उभ्या होत्या. त्या मराठीतच बोलल्या. रोज गोंडीत भांडणारी बाई त्या दिवशी मराठीत बोलली, मी ऐकावं म्हणून.

"लिहिलं असतं त तुमी गाडीखाली गेले असते," त्या म्हणाल्या. "तुमी गाडीखालून निंघता, बंपर धरता, अन् तसेच उभे राह्यता. घरात येत नाई. मले खिडकीतून दिसते. म्या म्हटलं, दोन महिने त झोपू द्या या मानसाले."

बंडूजींनी हातातली गोधडी घडी करून मागच्या शीटवर ठेवली.

"आता बस झालं," त्या म्हणाल्या. "मले नेनं बंद करा. गाडी थकली, तुमी थकले. कायच्यासाठी हे? प्रभाकरराव, तुमी आयकून ठेवा. मी म्हटलं होतं, म्हनून सांगजा रक्षाले."

मी म्हटलं, "वहिनी, भलतंच काय." यापेक्षा शहाणपणाचं मला सुचलं नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या पंपाचा, त्या काट्याचा, स्वतःचा.

तेवढ्यात हिंगणघाटकडून वर्ध्याची बस आली. ड्रायव्हरनं लांबून ओळखलं, बस थांबवून मान बाहेर काढली. "मिस्त्री, का झालं?"

आता आमच्याकडे एक रीत आहे. लाईनवर बंद पडलेली गाडी सोडून मिस्त्री जात नाही. बंडूजींनी उभ्या पावसात रात्रभर बसजवळ बसून काढल्याच्या गोष्टी आगारात सांगितल्या जायच्या. मला वाटलं, ते मला बाईंसोबत पाठवतील आणि स्वतः थांबतील. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि रोशनला लावला.

"रोशन, मी कुमरे बोलतो. गाडी वर्धा रोडवर उभी हाये, चावी आतच हाये. तू घेऊन जाय." थोडं थांबून म्हणाले, "पंप मले समजला नाई. तू पाह्यजो."

समजला नाही हे खोटं होतं. पण ते त्यांनी म्हटलं. व्हॅनमधून त्यांनी फक्त दवाखान्याची फाईल, पाण्याची बाटली आणि ती वही घेतली. बसच्या पायरीपाशी आल्यावर त्यांनी सुमित्राबाईंना विचारलं नाही. "आजचा दिवस चाल," एवढंच म्हणाले आणि एक गुडघा जमिनीला टेकवून दुसरा पायरीच्या आधी पुढे केला. त्या गुडघ्यावर पाय देऊन सुमित्राबाई बसमध्ये चढल्या.

दवाखान्यात आमची पाळी गेली होती. नंदिनी म्हणून एक नर्स आहे, बोलायला फटकळ पण मनानं चांगली, तिनं आधी झापलं आणि मग दुपारच्या पाळीत बसवून घेतलं. मशीन लागलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. मी चहा आणला, तो गार झाला. आजचं तर झालं, पण शुक्रवारचं काय, हा एकच प्रश्न होता आणि तो आम्ही दोघंही टाळत होतो. सुमित्राबाई एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगणाऱ्यातल्या नाहीत. रक्षाला परत पाठवलं तेव्हाही त्या एकदाच बोलल्या होत्या.

पाच वाजता नंदिनीनं आत बोलावलं. सुमित्राबाई उशाला टेकून बसल्या होत्या, हातावर पट्टी, चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा फिका. बंडूजींनी वही उघडली, आजची तारीख घातली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"लिही."

"काय लिहू? गाडी त गेली."

"गाडीचं नाई. तुह्यं."

"माह्यं काय लिहाचं त्याच्यात."

"लिहिल्याशिवाय मले काम करता येत नाई," बंडूजी म्हणाले. "तुले माहीत हाये."

बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं मशीन वाजत होतं, नंदिनी तिकडे गेली. मग सुमित्राबाईंनी तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द लिहिला. 'थकली.'

वही बंडूजींकडे आली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. चौतीस वर्षांत त्यांनी तो रकाना कोरा सोडलेला मी पाहिला नव्हता. खोटं 'काम केले' लिहिलेलंही कधी पाहिलं नव्हतं. पेन कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा वही मिटणार. पण त्यांनी लिहिलं, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढून.

'सुटा भाग उपलब्ध नाही. जपून चालवावी.'

सही केली आणि वही बायकोला दिली. सुमित्राबाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

"याच्यावर बाबूची सही लागते," त्या म्हणाल्या. "सहीबिगर गाडी कशी निंघन?"

मी पेन घेतलं. हा शेरा मी जन्मभर न वाचता पास करत आलो. त्या दिवशी मात्र अक्षरन् अक्षर वाचलं. चष्म्याची काच ओली झाली म्हणून पुसली, पुन्हा वाचलं. माझ्या भांडारात नव्हतं, वर्ध्याच्या भांडारात नव्हतं, यादीतल्या कुठल्याच भांडारात नव्हतं. मी सही केली.

सुमित्राबाईंनी वही मिटून उशाशी ठेवली.

"शुक्रवारी कायनं जाचं मंग?" त्यांनी विचारलं.

गाडी रोशनच्या गॅरेजमध्ये शीट उघडी टाकून पडली होती. बंडूजींना शुक्रवारचं काहीच माहीत नव्हतं.

"तू सहाले तयार राह्यजो," ते म्हणाले.